महाबळेश्वरच्या पुढे

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आज सांगायचंय ते आमच्या सहलीचं.

गटाची सहल म्हटलं की ठिकाणं ठरलेली. देवदर्शन, नाहीतर महाबळेश्वर. गेल्या फाल्गुनात मात्र आम्ही पुढं गेलो. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात सावित्री नदीचा उगम आहे. तिथं हात जोडले आणि ठरवलं, ही नदी समुद्राला मिळते तिथवर जायचं. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, मंडणगड करत बाणकोटच्या खाडीजवळ वेळास गावी पोचलो. निघताना घरच्यांनी विचारलंच, "तिथं बघायचं काय?" आम्ही म्हटलं, "कासवं!" सगळे हसले.

वेळासच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्री समुद्री कासवाची मादी येते. वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं न्यायची, कुत्री-कोल्हे खायचे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात.

आम्ही संध्याकाळी दोरीमागं उभ्या होतो. तळहातावर मावतील एवढी पिल्लं, पण कुणी न सांगता थेट पाण्याकडं निघाली. जाणकार सांगतात, मादी मोठी झाली की अंडी घालायला जन्मल्या किनाऱ्याकडंच परतते. आमच्यातली एक आजी म्हणाली, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी!"

खरी शिकवण मात्र मुक्कामाच्या घरात मिळाली. वेळासला पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. आमची सोय केली ती तिथल्या वहिनींनी. शेणानं सारवलेली ओटी, गरम भात, सोलकढी, उकडीचे मोदक. रोज घरात जे रांधायचं तेच त्यांनी आम्हाला वाढलं, आणि त्याचे पैसे त्यांच्या हातात पडले. अंडी विकून एकदाच काय ते मिळालं असतं. जपली म्हणून दर हंगामात पाहुणे येतात.

परतताना गाडीत गाण्यांच्या भेंड्या झाल्याच नाहीत. चर्चा एकच, आपल्या गावात असं काय आहे? मेंढरं आहेत, घोंगड्या विणणारी घरं आहेत, चुलीवरची बाजरीची भाकरी आहे. आपल्याला रोजचं वाटतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

सख्यांनो, तुम्हीही एखाद्या वर्षी नेहमीची वाट सोडा. जायच्या आधी फोन करून मुक्कामाची सोय आणि पिल्लं निघायचा हंगाम विचारून घ्या. किनाऱ्यावर बॅटरी मारू नका, पिल्लांना हात लावू नका. वहिनींना खर्च, कमाई, अडचणी मोकळेपणानं विचारा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या: आपल्याकडं पाहुणा आला, तर त्याला काय दाखवू?