रात्रीचे फोटो आणि त्यातली नावं

आजचा शब्द आहे नाईटलाइफ. हसू नका. हा शब्द ऐकला की मुंबईतला एखादा बार, लाईव्ह बँड, जांभळा प्रकाश आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला पोरगा डोळ्यासमोर येतो. आपल्या अष्टमीत यातलं काही नाही. म्हणून इथली माणसं नऊला झोपतात असं थोडंच आहे? दसरा झाला की कुंडलिकेपलीकडे रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना होते, आणि मग रात्रभर शहर जागं. गणपतीत जाखडी, भजनाच्या डबलबाऱ्या, पुढे शिमगा. नाईटलाइफच आहे हे, फक्त तिकीट नाही.

आणि या रात्रींचे फोटोग्राफरसुद्धा आहेत. लग्नाच्या सीझनवर ज्यांचं घर चालतं, तेच लोक तोच कॅमेरा घेऊन पालखीला उभे असतात. तिथे ऑर्डर नसते, ॲडव्हान्स नसतो. तरी जातात. आणि त्यांच्यासोबत आपण सगळे, फोन वर करून.

आधी फोनचं बोलते, कारण यात मला थोडं कळतं. नाईट मोड काय करतो? एक फोटो काढत नाही. पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या एकावर एक बसवतो. देऊळ, दिवे, डोंगर यांना हे छान जमतं, कारण ते हलत नाहीत. जाखडीतला नाचणारा एका जागी थांबतो का? मग त्याला तीन हात येतात, नाहीतर चेहऱ्याचा लगदा होतो. तिथे नाईट मोड बंद करा. दुसरी गंमत म्हणजे फोटोवर येणारे आडवे काळे पट्टे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. प्रो मोडमध्ये शटर 1/100 वर ठेवलंत की पट्टे बरेचसे जातात. पाय थोडे पुसट येतील, येऊ देत. नाचच आहे तो. आणि फ्लॅश? चार पावलांपुढे त्याचा उपयोग नाही, गाणाऱ्याच्या डोळ्यावर मात्र तो बरोबर जातो.

उभं कुठे राहायचं हाही प्रश्नच. जाखडीत गाणारे आणि वाजवणारे मध्ये बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात. बाहेर उभं राहिलं की निम्मा वेळ पाठीच मिळतात. एखादा ओटा, जिना गाठावा. पण खरं सांगू? शक्तीवाल्यांनी टाकलेल्या सवालाला तुरेवाला जबाब शोधत असतो, तेव्हाचा त्याचा चेहरा जिन्यावरून मिळत नाही. त्यासाठी मध्ये, बुवांच्या शेजारी मांडी घालून बसावं लागतं. आणि तिथे बसायला कुणीतरी ओळखीचं लागतं.

इथे मला संदेश भंडारे आठवतात. त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक लोकवाङ्मय गृहाने काढलंय, मिळालं तर नक्की बघा. ते तमाशाच्या फडांसोबत फिरले. त्यामुळे नाच आहेच, पण कनातीमागचं जगणंही आहे. रंगवलेला चेहरा कुणीही टिपेल, रंग लावण्याआधीचा चेहरा दाखवायला समोरच्याने तुम्हाला मान्य करावं लागतं.

याची उलटी बाजूही आपल्याच राज्यात घडलीय. 2023 मध्ये एका प्रसिद्ध नृत्यांगनेचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून फोनाफोनी पसरवला गेला. कॅमेरा तिथेही पडद्यामागेच होता. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यातले किती जण स्वतःला लोककलेचे चाहते म्हणवत असतील कुणास ठाऊक. मला विचाराल तर फोटो काढायच्या आधी विचारणं हे तंत्राइतकंच महत्त्वाचं, आणि बाईमाणूस समोर असेल तर तंत्राच्या आधी.

आता माझी खरी तक्रार. पालखीचा, जाखडीचा चांगला फोटो निघतो. कोपऱ्यात वॉटरमार्क फोटोग्राफरचा. पुढे तोच फोटो फ्लेक्सवर जातो, तिथे नाव आणि हात जोडलेला चेहरा पुढाऱ्याचा. नाचणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ढोलकीवाला कोण, बुवा कुठल्या गावचे, काही नाही. ‘कोकणची संस्कृती’ लिहिलं आणि खाली तीन आगीच्या इमोजी. वीस वर्षांनी त्या माणसाची नात हा फोटो शोधायला निघाली, तर काय टाईप करणार?

कायदा इतका कंजूष नाही हं. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराची व्याख्या आहे; नट, गायक, नर्तक तर आहेतच, डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहेत. त्यांना स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलाय. गारुड्याची नोंद कायद्याने घेतली, आपण बाल्या नाचवाल्याची कॅप्शनमध्ये घेत नाही.

आणि व्हॉट्सॲप उरलंसुरलं पुसतं. फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाईलमधली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती जाते. चार ग्रुप फिरून आलेला फोटो कधीचा, कुणाचा, कळायला मार्ग नाही. म्हणून असे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी पोचते. एक गूगल शीट उघडा, फोटोच्या क्रमांकापुढे तारीख, गाव, मंडळ, नाचणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावं. नावं त्याच रात्री, चहाच्या वेळी विचारायची. सकाळी सगळे पांगतात, कुणी मुंबईची गाडी पकडतो, कुणी कंपनीत फर्स्ट शिफ्टला. नाव लिहून घेतलंत की नंबरही घ्या, आणि फोटो आधी त्यांना पाठवा, इन्स्टाला नंतर. चला, भेटू पुढच्या भागात.