बाबांच्या दुकानातले उरलेले तुकडे

आजचा भाग कोडिंगचा नाही. आज करवत, फेव्हिकॉल आणि बाबा.

कराडला माझ्या बाबांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. होतं म्हणतोय, कारण या मार्चमध्ये त्यांनी शटर कायमचं खाली ओढलं. लोकांचे फोटो आता फोनमध्येच राहतात. गाळा रिकामा केला आणि घरी दोन पोती आली. लाकडी पट्ट्यांचे तुकडे. लांब पट्टीतून फ्रेम कापली की शेवटी वीतभर, हातभर उरतंच.

आई म्हणाली, "बंबात घाला." बाबा काहीच बोलले नाहीत. हल्ली ते तसेही गप्पच असायचे. मी म्हटलं, रंग-पॉलिशचं लाकूड जाळू नये, धूर वाईट असतो. हे खरंच आहे, तुम्हीही जाळू नका. पण मला ती पोती अशी संपायला नको होती.

मग मी बाबांना न विचारता ४ बाय ६ इंची फोटोसाठी फ्रेम करायला बसलो. पट्टी १ इंच रुंद. चार इंचाचे दोन तुकडे, सहा इंचाचे दोन, टोकं ४५ अंशात कापली. जोडल्यावर बघतो तर आत जागा २ बाय ४! बीटेक झालोय हो मी.

बाबा दारातून बघत होते. कित्येक आठवड्यांनी हसले. म्हणाले, "इंजिनिअर साहेब, पट्टीची रुंदी कुणी धरायची? प्रत्येक बाजूला दोनदा." म्हणजे बाहेरून ६ आणि ८ इंच. चारी बाजू मिळून २० नाही, २८ इंच पट्टी लागते. मागच्या खाचेमुळे थोडी कमी, पण करवतही लाकूड खाते.

मग ते शेजारी बसले आणि मूळ गोष्ट सांगितली: "नवी पट्टी असली की आधी फ्रेम ठरवायची. उरलेलं असलं की आधी तुकडा बघायचा, मग वस्तू ठरवायची." आम्ही ऑफिसात नेमकं उलटं करतो.

मग आम्ही तुकडे लांबीप्रमाणे लावले. हातभर तुकडा भिंतीवर आडवा ठोकून त्याला हुक लावले, किल्ल्या अडकवायला. वीतभर तुकड्याचा मोबाइल स्टँड. पट्टीच्या मागे काचेसाठी पायरीसारखी खाच असते. ती बाजू वर करायची आणि मागे एक उंच तुकडा चिकटवायचा. फोन आडवा ठेवला की खाचेत बसतो, पुढची कड घसरू देत नाही. यात ४५ अंशाची भानगडच नाही, म्हणून सुरुवात यानेच करा. कापलेली टोकं पॉलिश पेपरने घासा आणि फेव्हिकॉल रात्रभर सुकू द्या.

तुकडे हवे असतील तर जवळच्या फ्रेमवाल्याकडे जा. बहुतेक वेळा कोपऱ्यात ढीग असतो. फुकट मागू नका, चार पैसे द्या. आणि पाच मिनिटं त्याचं काम बघा.

हा भाग रेकॉर्ड करताना फोन त्याच स्टँडवर आहे. काल बाबांचा फोन आला होता, "रविवारी येतोयस ना? दुसरं पोतं अजून सोडलेलं नाही."

जातोय. तोवर तुम्ही काय केलंत ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!