भोपळ्यातून जंगल पार



लहानपणी आमची नानी गोष्ट सांगायला बसली की तिची एकच अट असायची. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. तिचं वाक्य संपलं की आम्ही म्हणायचं, ‘हूं’. हूं आला तरच गोष्ट पुढं सरकायची. अंधारात तिचा संथ आवाज आणि आमचा हूं, असं चालायचं. हळूहळू हूं बारीक व्हायचा आणि थांबायचा. मग नानी गोष्ट तिथंच ठेवून द्यायची, दुसऱ्या रात्रीसाठी.

नानी शाळेत गेली नव्हती. संमोहन हा शब्द तिनं आयुष्यात ऐकला नसेल. पण ती जे करत होती ते त्याच्या फार जवळचं होतं, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली. आणि ते कळलं माझ्या मुलाच्या पोटदुखीमुळे.

आमचा धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. रोज सकाळी दप्तर भरताना त्याच्या पोटात दुखायला लागायचं. रविवारी दुखायचं नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव. आम्ही रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्यातला ‘काही नाही’ एवढाच शब्द मी घरी आणला. दुसऱ्या दिवशी तो पोट धरून बसला तेव्हा मी ओरडलो, “नाटकं करतोस!” आणि हातही उचलला. कवितेत पाखराच्या पंखाला धक्का लागू न देणारा माणूस मी! ते आठवलं की आजही मान खाली जाते.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी थोडा धास्तावलोच होतो. आता या लोलक हलवणार, पोराला झोपवणार, असं वाटलं. तसलं काही झालं नाही. त्यांनी त्याला विचारलं, “तुला कुठं बसायला आवडतं?” तो म्हणाला, “सतारवाल्यांच्या गल्लीत.” आमच्या गावात सतारी, तानपुरे बनतात. पंढरपूरकडून येणारे मोठाले भोपळे तिथं वाळत टांगलेले असतात. बाई म्हणाल्या, “डोळे मिट, नाहीतर उघडे ठेव. आपण त्या गल्लीत जाऊ.” मग तानपुरा लागला, भोपळ्यात आवाज घुमू लागला, आणि त्यांनी त्याला स्वतःचा तळवा पोटावर ठेवायला सांगितला. भोपळ्यात जसा आवाज भरतो, तशी पोटात ऊब भरते आहे. पोरगा चुळबुळत होता, मध्येच नाक खाजवत होता. पण त्याचा श्वास लांबला होता.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. वर्गात मोठ्यानं वाचताना तो ‘ळ’ला ‘ल’ म्हणायचा आणि मुलं हसायची. आमच्या घरात दखनी बोलतात, तिच्यात ळ नाही. श्रोते हो, मराठीत कविता लिहिणारा बाप घरात, आणि पोराचं पोट मराठीच्या एका अक्षरानं दुखत होतं. मला त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मी बी.ए. झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा जे सांगतो ते एका बापाचं वाचन समजा.

१७८४ साली फ्रान्सच्या राजानं मेस्मरच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चौकशी करायला एक समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यात होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडावर चुंबकशक्ती ‘चढवली’ आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत फिरवलं. मुलगा मूर्च्छित पडला, पण भलत्याच झाडापाशी! समितीचा निष्कर्ष असा, की शक्ती झाडात नव्हती, मुलाच्या कल्पनेत होती. त्यांनी हा प्रकार निकालात काढला. मला मात्र वाटतं, केवढा मोठा शोध होता तो! पोराची कल्पना जर त्याला आडवं पाडू शकते, तर उभंही करू शकेल.

पुढं १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरानं आपल्या पुस्तकात निद्रेच्या ग्रीक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं. नंतर त्यालाच ते खटकू लागलं. ही झोप नव्हे, एका कल्पनेवर मन एकवटणं आहे, असं त्याचं मत झालं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि एका कल्पनेवर मन एकवटणं मुलांना शिकवावं लागत नाही. काठीचा घोडा करून अंगणभर दौडणारं पोर त्याच अवस्थेत असतं.

नेदरलँड्समध्ये या पोटदुखीवरच अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ते अठरा वयाची ५३ मुलं होती, तपासण्यांत दोष न सापडणारी, पण खरोखर दुखणारी. वर्षभरानंतर संमोहन उपचार घेतलेल्यांपैकी ८५ टक्के मुलं बरी होती. नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २५ टक्के. पुढं २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात काही मुलांनी घरीच ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यातलीही सुमारे ६२ टक्के मुलं वर्षानंतर बरी होती, आणि तज्ज्ञांसमोर बसलेली ७१ टक्के. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून आनंद झाला. नुसत्या आवाजातही बळ असतं तर!

पण हे बळ दुधारी आहे. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा नेईल,’ ही सूचनाच असते. ‘तू घाबरटच आहेस,’ हीही. माझं ‘नाटकं करतोस’ हेही. मूल आपल्या तोंडाकडे मन एकवटून पाहत असतं, आणि आपण त्या क्षणी काय पेरतो याचं भान आपल्याला नसतं. म्हणजे संमोहन आपण रोज करतोच. फक्त बहुधा उलट्या दिशेनं.

मग आई-बापांनी काय करावं? उपचार तज्ज्ञांकडेच ठेवावा. गोष्ट मात्र आपली आहे. दिवा मंद करावा, आवाज उतरवावा, घाई करू नये. मुलाची अडचण गोष्टीतल्या कुणाला तरी द्यावी, एखाद्या कासवाला, एखाद्या चिमणीला. नाव मुलाचं देऊ नये. ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘कासवानं हळूच श्वास सोडला’ असं म्हणावं. पुढं काय झालं, ते कधी मुलालाच विचारावं. शेवटी तात्पर्य चिकटवू नये. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळा न करता पुन्हा सांगावी.

सावधपणाही हवा. दुखण्याची तपासणी आधी. वजन घटत असेल, ताप असेल, रक्त पडत असेल तर गोष्टींवर विसंबू नये. संमोहन करून मुलाला अभ्यासाला लावून देतो, म्हणणाऱ्यांपासून दूर राहावं. मुलाच्या मनातली ‘दडलेली आठवण’ खणून काढायलाही हे साधन वापरू नये. सूचनेनं खोट्या आठवणीही तयार होतात. मूल फारच कोमेजलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, आणि मूल संकटात असेल तर १०९८.

आमचा धाकटा दोन-तीन महिन्यांत सावरला. मी शाळेत जाऊन त्याच्या बाईंना भेटलो, तेही गरजेचं होतं. कारण काट्यावर बसलेल्याला नुसती फुंकर घालून भागत नाही, काटा काढावा लागतो. रात्री मी त्याला म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगू लागलो. त्या गोष्टीत म्हातारी वाघाला मारत नाही. जंगलही नाहीसं होत नाही. लेकीनं दिलेल्या भोपळ्यात बसून ती फक्त त्यातून पार होते. मुलांच्या भीतीचंही तसंच असावं. जंगल आपण तोडू शकत नाही. भोपळा देऊ शकतो.

एका रात्री गोष्टीच्या मध्येच तो म्हणाला, “अब्बा, भोपला नाही, भोपळा.” मी चुकलो नव्हतो. तो स्वतःशीच घोटत होता. मी काही बोललो नाही. अंधारात फक्त म्हणालो, “हूं.”