नवा कॅमेरा आणि जुना डबा



या व्यासपीठावरून गेले काही दिवस थोर विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पंगतीला आज आम्ही एक लहानसा कॅमेरा घेऊन बसलो आहोत. हा 'आम्ही' मोठेपणाचा नव्हे. लालबाग-परळकडची आम्ही आठ माणसे खरोखरच आहोत. रविवारी सकाळी आमच्यातल्या एकाच्या चाळीच्या गॅलरीत जमतो आणि फोटोग्राफीच्या गप्पा मारतो. त्या आठांच्या वतीने हे बोलणे आहे.

आमचा प्रश्न असा होता. दरमहा माणशी अडीचशे रुपये याप्रमाणे आम्ही दोन वर्षे पैसे साठवले. 48 हजार जमले. ते जमवले होते एका पत्र्याच्या डब्यासाठी. त्या चाळीतल्या एका गिरणी कामगाराने पुष्कळ वर्षे क्लिक थ्री कॅमेऱ्याने फोटो काढले. त्यांच्या निगेटिव्हज बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत. त्या नीट स्कॅन करून घ्याव्यात, हा मूळ संकल्प. आणि नेमक्या त्याच वेळी, 2024 सालच्या जून महिन्यात, जपानच्या रिको कंपनीने पेंटॅक्स 17 नावाचा नवा, रोलचा कॅमेरा जाहीर केला. आमची मने चळली!

आता कोणी म्हणेल, हातात फोन असताना रोलचा कॅमेरा कशाला? म्हणणे रास्त आहे. पण पुष्कळ वर्षांत मोठ्या कंपनीने असा कॅमेरा नव्याने घडवला नव्हता. शौकीन मंडळी जुन्यावर भागवत होती. 1990 साली निघालेला कॉन्टॅक्स टी टू आजही लोक भारी किंमत देऊन घेतात. पण त्यातली वीजयंत्रणा बिघडली तर सुटा भाग कोठून आणायचा? म्हणून नव्या कॅमेऱ्याचे अप्रूप. त्याच 2024 साली हाँगकाँगच्या मिंट कंपनीने रोलाय 35 एएफ आणला. तो पूर्ण फ्रेमचा आणि आपोआप फोकस करणारा, पण किंमत तेव्हा आठशे डॉलरांच्या आसपास होती. तो आमच्या आवाक्याबाहेरच होता.

पेंटॅक्स 17 ची किंमत 2024 साली 500 डॉलर होती. त्या वेळच्या दराने सुमारे 42 हजार रुपये. कर आणि आणणावळ वेगळी. म्हणजे आमची थैली रिकामीच.

त्याचे गुण सांगू. हा अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा आहे. नेहमीच्या रोलवर 24 बाय 36 मिलिमीटरचा फोटो येतो. यात 17 बाय 24 चा, आणि तोही उभा. त्यामुळे 36 च्या रोलवर 72 फोटो निघतात. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून दीड हजार धरा. एका फोटोला 42 रुपयांऐवजी 21 रुपये पडतात. आमच्यासारख्यांना हा हिशेब गोड लागतो. वजन 290 ग्रॅम. वरचे आणि खालचे कवच मॅग्नेशियमचे. रोल मात्र अंगठ्याने, खटका ओढून पुढे सरकवायचा. हे काम जाणणारे कारागीर निवृत्त झाले होते. त्यांचा सल्ला घेऊन कंपनीने ती जुनी विद्या नव्या मुलांच्या हाती दिली. हे ऐकून आमच्यातले वडीलधारे हळवे झाले. गिरण्या मिटल्या तेव्हा किती हातांतली विद्या अशीच विचारल्यावाचून गेली, हे त्यांनी पाहिलेले आहे.

एका स्नेह्याने जपानहून हा कॅमेरा आणला होता. त्यांनी तो आम्हाला तीन रविवार वापरायला दिला. लालबागच्या पुलाखालून परळपर्यंत आणि तेथून दादरच्या फुलबाजारापर्यंत आम्ही हिंडलो. चाळीचा जिना, दोरीवरची लुगडी, दारातली तुळस यांना उभी चौकट छान बसते. लांबलचक गॅलरी घ्यायची तर कॅमेरा आडवा धरावा लागतो. फोकस आपोआप होत नाही. अंतराचा अंदाज करून सहापैकी एका खुणेवर भिंग फिरवायचे. ते आम्ही अनेकदा विसरलो आणि अकरा फोटो धूसर आले. दोष आमचा. पण फोन वापरून वापरून अंतर जोखणारी नजरच आपण गमावली आहे, हेही कळले. शिवाय एवढ्या लहान निगेटिव्हचा भिंतभर फोटो करावा म्हटले तर दाणे दिसू लागतात. अल्बमसाठी मात्र उत्तम. तात्पर्य, कॅमेरा चांगला आहे, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो.

मग भांडण कशावरून? थोडे मागे जाऊ. या अर्ध्या फ्रेमचे माप मुळात सिनेमाच्या फिल्मचे. मूकपटाची चौकट 18 बाय 24 मिलिमीटरची असे. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी 1914 च्या सुमारास तशा दोन चौकटी जोडून लायकाचा पूर्ण फ्रेम सिद्ध केला. 1959 साली जपानमध्ये ऑलिंपस पेनने तो पुन्हा निम्मा केला. म्हणजे ज्या मापाच्या चौकटीत दादासाहेब फाळक्यांनी येथे दादरला 'राजा हरिश्चंद्र' टिपला, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांना दाखवला, जवळजवळ त्याच मापाची ही चौकट!

फाळक्यांनी 1912 साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली आणि विल्यमसन कॅमेरा आणला. आमच्या 42 हजारांपुढे ते धाडस केवढे! पण आल्यावर त्यांनी कॅमेऱ्याचे कौतुक करीत वेळ घालवला नाही. वाटाणा पेरला आणि त्याचे रोप कसे वाढते ते थोडे थोडे टिपून लोकांना दाखवले. काय टिपायचे हे त्यांना आधी ठाऊक होते. कॅमेरा त्यामागून आला. आमच्याकडे क्रम उलटा होऊ पाहत होता.

तरीही पक्ष दोन पडले. आमच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली, "काका, निगेटिव्ह डब्यात आणखी दोन वर्षे राहतील. चाळ राहणार नाही. पुनर्विकासाचे कागद झालेत, बिऱ्हाडे हलू लागलीत. आज जे दिसतं ते आजच टिपायला नको का?" या बोलण्याला उत्तर सोपे नव्हते. आम्ही गप्प बसलो.

उत्तर त्या डब्याने दिले. झाकण उघडले तो आंबूस वास आला, शिर्क्यासारखा. जुन्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. मुंबईच्या दमट उकाड्यात तो कुजू लागतो, त्यातून आम्ल सुटते, आणि एकदा सुरू झालेली कूज थांबत नाही. थंड, कोरड्या जागी ती मंदावते एवढेच. म्हणजे दोन वर्षांची मुदत डब्यालाही नव्हती. चाळ टिपायला आठ फोन होते आणि एक जुना, चालता कॅमेराही होता. त्या निगेटिव्हज मात्र जगात एकच.

त्या मुलीनेच मग आपले मत फिरवले. पैसे डब्याकडे गेले.

पहिली पट्टी स्कॅन होऊन आली ती 1982 सालची. गॅलरीत ओळीने माणसे बसली आहेत, कोणी पेपर वाचतो आहे, कोणाच्या मांडीवर मूल आहे. आम्हाला वाटले, रविवार असेल. पण मागच्या दारातून मुले दप्तरे घेऊन शाळेला निघालेली दिसतात. मग उमगले. त्या साली 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. भर कामाच्या दिवशी, सकाळी, सगळी पाळी गॅलरीत बसली होती. काढणाऱ्याने एवढेच केले की रोलमधल्या बारा फोटोंपैकी एक त्यासाठी खर्च केला. तंगीच्या दिवसांत तो किती विचाराने केला असेल!

तेव्हा मंडळी, ज्यांना परवडेल त्यांनी हा नवा कॅमेरा जरूर घ्यावा. रोल भरेपर्यंत चिकाटी धरावी, आणि निदान दहा फोटो कागदावर काढून ठेवावेत. आम्हीही पुन्हा अडीचशे-अडीचशे साठवू लागलो आहोत. परंतु आज घरी गेल्यावर आधी माळ्यावरचा डबा खाली काढा. वास घेऊन पाहा. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवा, फोटोतल्या माणसांची नावे विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळेल. नावे सांगणारा माणूस मिळेलच असे नाही.