मधल्या जागेचे शास्त्र
(विद्यापीठे आणि उद्योग यांच्यातील सहकार्य या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



२३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' हे यान मंगळापाशी पोहोचले आणि कायमचे मुके झाले. चौकशीत निघालेले कारण शाळकरी मुलालाही समजावे असे होते. यान बांधणाऱ्या कंपनीच्या संगणक-आज्ञावलीने छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे माप पौंडात दिले होते. मार्ग ठरवणारे पथक ते न्यूटनमध्ये आहे असे धरून चालले होते. दोन्हीकडचे अभियंते आपापल्या विषयात निष्णात होते. घात झाला तो दोघांच्या मधल्या जागेत. या मधल्या जागेचे शास्त्र म्हणजेच सिस्टिम्स इंजिनिअरिंग, आपल्या भाषेत प्रणाली अभियांत्रिकी.

गरज नेमक्या शब्दांत मांडणे, ती लहान-लहान भागांत वाटणे, दोन भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथला करार लेखी ठरवणे आणि शेवटी, जे मागितले होते तेच तयार झाले आहे का हे तपासणे, असे या शास्त्राचे ढोबळ स्वरूप आहे. ऐकायला ते कारकुनी वाटते. परंतु या कारकुनीवाचून विमान उडत नाही.

आपल्या महाविद्यालयांत यंत्र, विद्युत, स्थापत्य, संगणक अशा शाखांच्या भिंती उभ्या आहेत. त्या सोयीसाठी बांधल्या गेल्या, आणि विषयाच्या सखोल अभ्यासाला त्या आवश्यकही आहेत. पण मधली जागा कोणत्याच विभागप्रमुखाच्या अखत्यारीत येत नाही. ती शिकायची तर खरी वस्तू हवी, खरी मुदत हवी आणि 'हे चालणार नाही' असे तोंडावर सांगणारा ग्राहक हवा. या तिन्ही गोष्टी विद्यापीठाजवळ नसतात, उद्योगाजवळ असतात.

'तेजस' विमानाचे उदाहरण घ्यावे. १९८४ साली स्थापन झालेल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने या विमानासाठी शंभराहून अधिक संरक्षण प्रयोगशाळा, कारखाने आणि शैक्षणिक संस्था एका सूत्रात ओवल्या. हे विमान मुद्दामच अस्थिर घडवले आहे; चपळतेसाठी तशी रचना करतात. वैमानिकाच्या प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ लावून संगणकच त्याला सावरून धरतो. त्या संगणकाला शिकवायचे नियम तयार करण्यासाठी १९९२ मध्ये बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये राष्ट्रीय पथक उभे राहिले. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि तिथल्या कंपनीत काम करणाऱ्या भारतीय पथकाला परत पाठवण्यात आले. उरलेले काम इथेच पुरे झाले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमानाने पहिले उड्डाण केले. या कार्यक्रमाचे नेतृत्व करणारे डॉ. कोटा हरिनारायण हे बनारस हिंदू विद्यापीठ, भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी अशा तीन विद्यामंदिरांत शिकलेले. (कार्यक्रमाला झालेला विलंब हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यावर टीका करणाऱ्यांचे सारेच चूक आहे असे नाही.)

याहून बोलके उदाहरण पुण्यातले आहे. १८५४ पासूनची परंपरा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात २००८ मध्ये विद्यार्थ्यांनी एक उपग्रह बांधायला घेतला. त्याचे वजन सुमारे एक किलो, आकार चहाच्या डब्याएवढा, नाव 'स्वयम्'. अवकाशात त्याला दिशा कशी द्यावी, हा प्रश्न होता. मोटार बसवली तर वीज लागणार, वीज वाढली की बॅटरी वाढणार, बॅटरी वाढली की वजन. विद्यार्थ्यांनी चुंबक वापरला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तो होकायंत्राच्या सुईसारखा स्वतःच दिशा धरतो, वीज मुळीच खर्च होत नाही. मात्र दिशा चुंबकाने ठरवली की अँटेना कुठे बसवायचा, हेही त्याच्याच कलाने ठरवावे लागते. यंत्र शाखेचा निर्णय दळणवळणवाल्यांच्या टेबलावर येऊन पडला तो असा. वर्गात हे दहा वर्षांतही शिकवता आले नसते.

२२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वीस उपग्रह नेले, त्यांत 'स्वयम्' होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोंचा 'प्रथम' गेला. दोन्हींच्या पाठीशी 'इस्रो'ची शिस्त होती. उपग्रह विद्यार्थ्यांचा म्हणून कंपनाच्या चाचणीत सवलत मिळत नाही. बरोबरच्या मोठ्या उपग्रहाला त्याच्यामुळे धोका होता कामा नये.

या यशातली एक अडचण मात्र नजरेआड होते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि 'स्वयम्'ला आठ वर्षे लागली. ज्यांनी आरंभ केला ते प्रक्षेपणाच्या दिवशी नोकरीत होते. प्रत्येक उन्हाळ्यात अनुभवी मुले निघून जातात आणि नवी येतात. अशा वेळी एखादा निर्णय का घेतला, हे लिहून ठेवलेले नसेल तर पुढची तुकडी तोच प्रश्न नव्याने सोडवत बसते. शिवाय या कामाला गुण किती? बहुतेक विद्यापीठांच्या परीक्षापद्धतीत अशा श्रमांना जागाच नाही, आणि शोधनिबंध मोजणाऱ्या व्यवस्थेत मार्गदर्शक प्राध्यापकालाही त्याचे श्रेय बेताचेच मिळते.

उद्योगांचीही बाजू तपासली पाहिजे. प्रयोगशाळेला देणगी द्यायची, दाराशी नावाची पाटी लावायची आणि वर्षातून एकदा भरतीसाठी यायचे, याला सहकार्य म्हणणे हे औदार्य झाले. कंपनीने आपला खरा प्रश्न विद्यापीठापुढे ठेवला पाहिजे. गुपित फुटेल या भीतीने दिलेला खोटा, सोपा केलेला प्रश्न कोणालाच काही शिकवत नाही. गोपनीयता आणि पेटंटची मालकी यांचे करार आधीच स्वच्छ लिहिले तर ही भीती बरीच ओसरते.

याची निकड आता वाढली आहे. वालचंदनगर आणि विक्रोळीचे कारखाने अनेक वर्षे आपल्या अग्निबाणांचे भाग घडवत आले आहेत. ते सारे जुळवण्याची जबाबदारी 'इस्रो' वाहत असे. २०२२ मध्ये पाच संपूर्ण पीएसएलव्ही बांधण्याचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या समूहाला देण्यात आले. म्हणजे मधली जागा सांभाळण्याचे काम उद्योगाकडे आले. त्यासाठी लागणारी माणसे जाहिरात देऊन मिळत नाहीत. कंपनीतला एक अनुभवी अभियंता सहा महिने महाविद्यालयात बसावा, एका प्राध्यापकाने तितकेच दिवस कारखान्यात काढावेत, आणि निघून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची हस्तांतरण-वही तपासूनच त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. एवढ्यासाठी कोणत्याही नव्या इमारतीची गरज नाही. हे येत्या जूनपासूनही सुरू करता येईल.