नळीची बाजू

मूत्रपिंडाची सूक्ष्म रचना असा विषय मला दिलेला आहे. मूत्रपिंडं दोन असतात, कमरेच्या वर पाठीशी असतात, लघवी तयार करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, नळीवर.

याचं कारण एक जुनी तक्रार आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी अनेक वर्षं ऊतिशास्त्र शिकवत आले. मूत्रपिंडाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मुलं काय करतात? केशवाहिन्यांचा तो गोल गुच्छ शोधतात, त्याच्याभोवतीची पांढरी फट बघतात, "मॅडम, किडनी!" म्हणतात आणि पुढच्या काचपट्टीकडे वळतात. त्या गुच्छांच्या आजूबाजूला जो गुलाबी पसारा असतो, म्हणजे काचपट्टीचा बहुतेक सगळा भाग, तो त्यांच्या लेखी नुसती भरताड. अहो, तो पसारा म्हणजेच नळ्या! आडव्या कापलेल्या, तिरप्या कापलेल्या, वळणावर कापलेल्या. मूत्रपिंड म्हणजे मुख्यतः नळ्याच.

मुलांना तरी किती बोलायचं? इतिहासानंही हेच केलं. मार्चेलो माल्पिगी यांनी १६६६ साली गुच्छांचं वर्णन छापलं. मूत्रपिंडाच्या धमनीतून काळा रंग सोडला की ते रंगतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे १८४२ साली लंडनमध्ये विल्यम बोमन यांनी दाखवून दिलं की गुच्छाभोवतीची पिशवी आणि नळी हे एकच सलग प्रकरण आहे. पिशवीला बोमन यांचं नाव मिळालं, गुच्छाला पिशवीसकट माल्पिगींचं. नळीच्या एका वळणाला हेन्ले यांचं नाव आहे खरं, पण उरलेल्या नळीला आपण 'जवळची' आणि 'दूरची' एवढंच म्हणतो. जवळची म्हणजे कशाच्या जवळची? गुच्छाच्या! म्हणजे तिथेही मोजमाप गुच्छापासूनच.

आता आकडे सांगते, कारण त्यांच्याशिवाय माझं म्हणणं पटायचं नाही. एक गुच्छ, त्याची पिशवी आणि तिची नळी मिळून होतो एक नेफ्रॉन. असे एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. माणसामाणसांत यात फार फरक असतो, कुणाकडे याच्या निम्मे, कुणाकडे दुप्पट. ते सगळे आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवा एकही होत नाही. प्रत्येक नेफ्रॉनचा गुच्छ एक मिलिमीटरचा पाचवा भाग, आणि त्याला जोडलेली नळी तीन ते पाच सेंटिमीटर. दोन्हीकडच्या सगळ्या नळ्या टोकाला टोक लावून जोडल्या तर ६० ते १०० किलोमीटर भरतील. गुच्छांतून दिवसाला पाझरतं सुमारे १८० लिटर पाणी. लघवी होते दीड लिटर. मग बाकीचं गेलं कुठे? रक्तात परत. १८० लिटरमधले १७८ लिटर आणि वर थोडं परत घेतलं जातं, ते घेते नळी. मीठ म्हणाल तर गुच्छातून दिवसाला जवळजवळ दीड किलो बाहेर येतं. आपण खातो दहा-बारा ग्रॅम, तेवढंच लघवीत जातं, बाकी सगळं परत. साखर १८० ग्रॅम बाहेर येते आणि निरोगी माणसात व्यवहारात सगळीच्या सगळी परत जाते.

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढतात, त्याच्या दोन तऱ्हा असतात. पहिली तऱ्हा, घरभर फिरायचं आणि नको असलेली वस्तू उचलून बाहेर टाकायची. यात होतं काय, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत निम्मी अडगळ जागच्या जागी राहते. दुसरी तऱ्हा आमच्या आजीची. सगळं घर अंगणात! डबे, पितळी भांडी, पाट, गाद्या, खुंटीवरचे कपडे, फडताळातल्या बाटल्या, सगळं. मग एकेक वस्तू पुसून आत न्यायची. जी आत न्यावी असं कुणालाच वाटलं नाही, ती अंगणात उरली, तोच केर. आपलं मूत्रपिंड आजीच्या तऱ्हेनं चालतं. आजी हे वर्षातून एकदा करायची, मूत्रपिंड दिवसातून साठ वेळा करतं. रक्तातला द्रव सगळा मिळून तीन लिटर आहे, आणि पाझरतो १८० लिटर. तुम्हीच भाग देऊन बघा.

गुच्छ म्हणजे या घराचं दार. सामान बाहेर काढायचं काम त्याचं. दाराची रचना नाजूक आहे, नाही कोण म्हणतं? आतून भोकं असलेलं केशवाहिनीचं अस्तर, मध्ये पातळ पटल, बाहेरून पायांची बोटं एकमेकांत अडकवून बसलेल्या पेशी, पोडोसाइट. त्या बोटांच्या फटींत ताणलेला जो पडदा आहे, त्यातलं नेफ्रिन हे प्रथिन १९९८ साली सापडलं. शिसवी पलंग दारातून निघत नाही, तो आतच राहतो, तशा रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आत राहतात. एवढं दाराबद्दल पुरे. दारावर बोलणारे पुष्कळ आहेत.

माझा मुद्दा अंगणातल्या माणसांचा आहे. काय आत न्यायचं हे ती ठरवतात. या तऱ्हेची खरी हुशारी अशी, की केर ओळखावा लागत नाही, फक्त आपल्या वस्तू ओळखाव्या लागतात. काल-परवा कारखान्यात तयार झालेलं एखादं रसायन पोटात गेलं, पृथ्वीच्या पाठीवर ते आधी कधी नव्हतंच. ते पाण्यात विरघळणारं आणि लहान रेणूचं असेल, तर पाझरतं, नळीतून वाहत जातं, आणि त्याला आपलं म्हणणारं कुणी नाही म्हणून बाहेर पडतं. पुन्हा सांगते, कारण हे एकदा ऐकून निसटतं: मूत्रपिंड घाण वेचून बाहेर टाकत नाही. ते आधी जवळजवळ सगळंच बाहेर काढतं आणि आपलं ते वेचून आत घेतं.

काही वस्तू नळी स्वतः उचलून बाहेर टाकते, हेही खरं. पेनिसिलीन त्यातलंच. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये औषध इतकं अपुरं होतं की रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून त्याच रुग्णाला टोचत होते. असो, त्यात शिरले तर वेळ जाईल.

नळी वेचून परत घेते, हे सगळं पुस्तकी तर्क म्हणून बरेच दिवस पडून होतं. फिलाडेल्फियात ए. एन. रिचर्ड्स आणि जोसेफ वर्न यांनी जिवंत बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका पिशवीत अतिसूक्ष्म टोकाची काचेची नळी खुपसली आणि आतला थेंब शोषून घेतला. १९२४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या थेंबात साखर होती, क्लोराइड होतं. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत ते नव्हतं. म्हणजे वाटेत कुणीतरी परत घेतलं. वाटेत नळीशिवाय आहे कोण?

आता काचपट्टीकडे या. तुमच्यासमोर ती नाही, म्हणून डोळ्यांपुढे आणा. जवळची नळी ओळखायची खूण म्हणजे तिचा रंग. ती आजूबाजूच्या नळ्यांपेक्षा जास्त गुलाबी दिसते, कारण पेशीत मायटोकाँड्रिया ठासून भरलेले असतात आणि ते इओसिन हा रंग धरतात. एवढे मायटोकाँड्रिया कशाला? ओझं आत वाहून न्यायला ताकद लागते म्हणून. दोन्ही मूत्रपिंडं मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही नाहीत, पण बसल्या जागी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सात टक्क्यांच्या आसपास वाटा खातात, आणि त्यातला बहुतेक खर्च नळीचा. दुसरी खूण, तिची आतली कड. ती धूसर दिसते, पोकळी नीट दिसतच नाही. मुलांना वाटतं काचपट्टी वाईट बनली. तसं नाही. तिथे पेशीच्या माथ्यावर बारीक केसाळ कड असते, तिला आपण ब्रश बॉर्डर म्हणतो. या केसांमुळे सामान उचलायची जागा अनेक पटींनी वाढते. शिवाय रक्ताचा दाब थांबला की ही नळी लगेच मिटते. जिवंत मूत्रपिंडात तिची पोकळी उघडी, वाहती असते. काचपट्टीवर आपण बघतो ती काम थांबलेली नळी.

ही जवळची नळी पाण्याचा आणि मिठाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत घेते, साखर आणि अमिनो आम्लं तर जवळपास सगळीच. आजीच्या घरात थोरली काकू असायची, कुणाला न विचारता भराभर उचलून आत नेणारी, तशी ही. पुढे हेन्लेचा फास. जर्मनीत गटिंगेनच्या याकोब हेन्ले यांनी १८६२ साली त्याचं वर्णन केलं. तो खाली गाभ्यात जातो, वळतो आणि वर येतो. चढणारी जाड बाजू मीठ परत घेते, पण पाण्याला सोडत नाही. त्यामुळे गाभा खारट होतो, आणि त्या खारटपणाच्या जोरावर शेवटच्या नळीतून पाणी ओढलं जातं. उन्हाळ्यात लघवी गडद आणि थोडी होते ती यामुळे. शेवटच्या टप्प्यात मात्र मनानं चालत नाही. उरलेल्या चार वस्तूंसाठी घरातल्या मोठ्यांना विचारावं लागतं. पाण्यासाठी मेंदूकडून येणारं व्हासोप्रेसिन, मिठासाठी अधिवृक्क ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन.

एक गोष्ट तर मला फारच आवडते. वर चढून आलेली नळी आपल्याच गुच्छाच्या दाराशी येऊन टेकते. तिथे तिच्या पेशी दाटीनं उभ्या असतात, काचपट्टीवर केंद्रकांचा गडद पुंजका दिसतो, मॅक्युला डेन्सा. माझ्याजवळून फार मीठ वाहत चाललंय, मागे कुणी उचलत नाही, असं तिला कळलं की ती आत येणारी धमनी आवळायला लावते. म्हणजे अंगणातली माणसं दाराला हुकूम देतात! आणि तुम्ही गुच्छालाच मालक समजता.

याचा प्रत्यय कधी येतो? हगवण लागली, उलट्या झाल्या, पाणी पोटात ठरेना, रक्तदाब उतरला, की पहिली मान टाकते ती नळी. गाभ्याशी प्राणवायूचा पुरवठा आधीच बेताचा, आणि खर्च एवढा. तिची केसाळ कड झडते, पेशी सुटून पोकळीत पडतात, वाट तुंबते. लघवी कमी होते, कधी बंदही होते. नातेवाईक म्हणतात, किडनीनं काम सोडलं. अहो, नळी दार आवळून घेते, यात थोडा शहाणपणाही आहे. उचलणारी माणसं आजारी आणि दार सताड उघडं, असं झालं तर शरीरातलं सगळं पाणी दुपारपर्यंत अंगणात आलं असतं. आणि चांगली बातमी अशी की नळीच्या वाचलेल्या पेशी पुन्हा विभागून अस्तर भरून काढू शकतात. पोडोसाइटला हे जवळजवळ जमत नाही.

म्हणून थोडं रागवायचंय. अशा तापात, जुलाबात, अंग दुखतंय म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मनानं आणून घेणारी माणसं घरोघरी आहेत. शरीर सुकलेलं असताना मूत्रपिंडाकडे येणारी धमनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनं करतात, आणि ही गोळी नेमकी त्यांनाच थांबवते. नळीचा प्राणवायू तुम्ही स्वतःच्या हातानं कमी करता. आधी डॉक्टरांना विचारा. 'साधीच तर गोळी आहे' हे मला कृपा करून ऐकवू नका.

मधुमेहाचंही सांगायला हवं. रक्तात साखर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की परत नेणाऱ्यांचे हात भरतात आणि उरलेली लघवीत जाते. म्हणजे लघवीतली साखर हा नळीचा दोष नव्हे, ओझंच जास्त झालं. आणि आता उलट गंमत बघा. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं अशा नव्या गोळ्या जवळच्या नळीतल्या साखर उचलणाऱ्या वाहकालाच अडवतात. साखर मुद्दाम अंगणात राहू द्यायची. त्यामुळे मीठही थोडं जास्त पुढे वाहतं, मॅक्युला डेन्साला खबर लागते, गुच्छावरचा दाब उतरतो. मूत्रपिंड जपायला या गोळ्या देतात त्याचं हे एक कारण. नळीला हात लावला आणि गुच्छाला आराम पडला! यात अजून एक... नाही, स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण होते आहे.

संग्राहक नळीतल्या, म्हणजे त्या शेवटच्या नळीतल्या, आम्ल सांभाळणाऱ्या पेशी राहूनच गेल्या. फिकट पेशींच्या रांगेत मधूनमधून गडद दिसतात त्या. आपण जे खातो त्यातून रोज तयार होणारं आम्ल बाहेर टाकायचं शेवटचं काम त्यांच्याकडे असतं, आणि पोटॅशियम कमी पडलं तर त्याच पेशी ते परत... वेळ संपली म्हणतात.