कोरलेल्या अक्षरांची उलटतपासणी

गोदाकाठच्या या टापूला तलवारीचं अप्रूप नाही. पलीकडच्या तीरावरच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. आपल्याच जिल्ह्यात, असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा इंग्रज सेनापती वेलस्लीने पराभव केला. पुढे कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्याला १००० पौंड किमतीची तलवार नजर केली. अधिकाऱ्याला मानाचं शस्त्र द्यायचं आणि कुणी, कुणाला, कशाबद्दल दिलं ते कोरून ठेवायचं, ही त्या काळची रीत होती.

पण कोरलेलं आहे म्हणून ते खरं मानायचं का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. त्यांच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा: शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या मुख्य प्रधानाने ते त्यांना दिलं.

आता एकेक शब्द तपासू. शिवाजी महाराजांनी मारलेला अफझलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. ज्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. मग हा मजकूर त्याने स्वतः सांगून लिहवून घेतला असेल, असं मला वाटत नाही. पुढचं पाहा. पेशवा हाच मुळी छत्रपतींचा मुख्य प्रधान; त्या पेशव्याचा आणखी मुख्य प्रधान म्हणजे कोण? नाव दिलेलं नाही. देणाऱ्याचं नाव नसलेली भेट ऐकली की मी तरी सावध होतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात जो अधिकारी होता, त्याला लोक कॅप्टन ग्रँट म्हणून ओळखत. ईडनची जहागीर आणि डफ हे आडनाव त्याच्याकडे आलं ते स्कॉटलंडला परतल्यावर, १८२५च्या सुमारास. म्हणजे मजकूर साताऱ्यातला नाहीच. तो भेटीनंतर काही वर्षांनी, बहुधा दूरदेशी, ऐकीव माहितीवर कोरला गेला असावा. ही वाघनखं महाराजांनीच वापरली याची खातरजमा करता येत नाही, असं संग्रहालयानेही स्पष्ट म्हटलं आहे. हे सांगितल्याने महाराजांच्या प्रतापगडावरच्या पराक्रमाला तसूभरही बाधा येत नाही. तो पराक्रम समकालीन साधनांवर उभा आहे, पेटीवरच्या अक्षरांवर नाही.

याच्या शेजारी नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार ठेवून बघा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने ती लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. पातं युरोपीय बनावटीचं आहे आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ एवढंच आहे. कुणाला मारलं, कुठे जिंकलं, काही नाही. धन्याचं नाव, त्याचा किताब आणि शस्त्राची जात. रघूजींना मिळालेला किताबही तोच. ही अक्षरं मला विश्वासाची वाटतात, कारण ती जेवढं सांगायला हवं तेवढंच सांगतात.

आपल्या गावांतही काही घरांत दसऱ्याला जुनी तलवार पूजेला निघते. तिला चकचकीत करण्यासाठी घासकागद लावू नका. सोन्याची बारीक तार आणि उथळ अक्षरं त्यात कायमची जातात. पातं तिरप्या उजेडात धरा, अक्षरं दिसली तर फोटो काढा. पणजोबा कुठे लढले हे आजी सांगत असेल, तर ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरवा. सोनाराकडून पात्यावर मात्र कोरून घेऊ नका.